डाव्या हातचा मळ

नागपुरात आजारी माणसाला पाहायला जाणं ऋतूवर अवलंबून नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला तरी लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून येतात, कूलरसमोरची खुर्ची धरतात, माठातलं दोन पेले पाणी रिचवतात आणि दम खाऊन झाला की खाटेकडे वळून म्हणतात, "आता तुम्ही काहीच नका करू जी. मस्त पडून राहा." ताप असो, कावीळ असो की गडचिरोलीला बदली झालेली असो, आराम हे आमच्याकडचं सर्वमान्य औषध. ते फुकट आहे, कुठल्या दुकानात शोधावं लागत नाही आणि ते देणाऱ्याला लगेच उठून जाता येतं.

बहुतेक दुखण्यांत त्याने फारसं बिघडत नाही. लकव्यात बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं.

माझे मामा एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली. एका सकाळी ते उठले ते डावा हात आणि डावा पाय अंथरुणातच ठेवून. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामांचा त्रास झोपेत नेमका कधी सुरू झाला हे कोणालाच सांगता येईना, म्हणून ती वेळ हुकली. बोलण्याचं केंद्र मात्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं, आणि मामांची ती बाजू शाबूत होती, त्यामुळे वाचा वाचली. हे भाग्य मामांचं की मामीचं, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर मामांचा संस्थानिक झाला. मामी घास भरवायची. मुलगा काखेत हात घालून उठवायचा. सून उशी सारखी करायची, नातू पंखा कमी-जास्त करायचा. उशाशी देवघरातली घंटा ठेवली होती. ती मामांनी उजव्या हाताने वाजवली की तीन खोल्यांतून चार माणसं धावत. पाहायला येणारे हे बघून गहिवरत. "नशीब काढलं हो भाऊजींनी! आजकाल कोण करते इतकं?" मामांचा डावा हात मात्र मांडीवर पडून असे, आणि त्याला कोणी काही विचारत नसे.

मग फिजिओ मॅडम आल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस, स्कूटीवरून यायच्या, उन्हासाठी हातभर मोजे घालून. त्यांनी आल्या आल्या सगळा थाट पाहिला, कौतुकाचं एक अक्षर काढलं नाही, आणि घंटा उचलून मामांच्या डाव्या बाजूला, हात पोचेल-न पोचेल अशा अंतरावर ठेवली. "काका, कोणाला बोलवायचं आहे न? वाजवा मग. या हातानं."

मामीने त्या दिवशी मॅडमना चहा विचारला नाही.

आता यामागे आहे काय, तर तो हिशेब मोठा क्रूर आहे. रक्तपुरवठा तुटला की दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला एक प्रसिद्ध अंदाज आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत थोडीफार सुधारणा आपोआप दिसते, कारण आजूबाजूची सूज उतरते आणि धक्क्याने गप्प झालेले भाग पुन्हा बोलू लागतात. घरचे तिचं श्रेय ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे गोळीला, मालिशच्या तेलाला किंवा ताजबागच्या नवसाला देतात. त्यानंतरचं काम मात्र उरलेल्या पेशींनी नवे धागे जोडून करायचं असतं, आणि त्या फुकट काही करत नाहीत.

रँडॉल्फ नूडो नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये हे माकडांवर दाखवलं. मेंदूतल्या पंजाच्या भागाला छोटी इजा झालेल्या माकडांना नुसतं सोडून दिलं, तेव्हा शेजारचा धडधाकट भागसुद्धा पंजाचं काम हळूहळू सोडून बसला. इजा चिमूटभर, नुकसान त्याहून मोठं. ज्या माकडांना त्या पंजाने खाऊ उचलायचा रोज सराव दिला, त्यांच्यात हा ऱ्हास थांबला. काहींमध्ये तर पंजाने कोपर आणि खांद्याच्या हद्दीतली जागा बळकावली.

मामांनी हे आपल्या परीने समजून घेतलं. ऑफिसात एखादा बाबू निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर त्याच्या फायली शेजारच्या टेबलावर जातात. पण आपसूक जात नाहीत. कोणीतरी रोज येऊन "माझ्या फायलीचं काय झालं जी?" असं विचारावं लागतं. विचारणारा कंटाळून घरी बसला की शेजारचा बाबू ती फाईल खुर्चीखाली घालून तिच्यावर पाय ठेवतो. "म्हणजे रोज चकरा मारायच्या," मामा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "रोज. आणि एकच चक्कर नाही."

किती चकरा, हा प्रश्न ऑडिटवाल्याला पडणारच. त्याचं उत्तर लाज आणणारं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या काही केंद्रांची एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लकव्याचा रुग्ण एका बैठकीत दुबळ्या हाताने कामाच्या हालचाली किती करतो ते मोजलं होतं. सरासरी निघाली ३२. ज्या प्रयोगांमध्ये प्राण्यांच्या मेंदूत खरा बदल दिसला, तिथे हाच आकडा चारशे ते सहाशेच्या घरात होता. मॅडमनी हे सहज बोलता बोलता सांगितलं. मामांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांनी तो जुना भाव पाहिला, समोरच्या खात्यात मोठी तफावत सापडल्याचा. "उंदीर चारशे करते आणि मी बत्तीस?"

दुसऱ्या दिवशी लाल पुठ्ठ्याची लांब वही आली. तारीख, व्यायामाचा प्रकार, उद्दिष्ट, प्रत्यक्ष, तूट, शेरा असे रकाने. पेल्यातून पेल्यात चणे टाकणे. नळ उघडणे, बंद करणे. शर्टाची गुंडी. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे आणि बसणे. "तूट" या रकान्यात सुरुवातीला इतके आकडे साठले की मामा स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस देतील असं वाटलं. "शेरा" या रकान्यात एकदा मी वाचलं: "पाहुणे आले. एक तास वाया."

व्यायामाचं आणखी एक अंग आहे. हाताची कामं हा सराव झाला. दम लागेल असं चालणं किंवा बसून पायडल मारणं ही वेगळी गोष्ट. तशा व्यायामाने बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन वाढतं. ते चेतापेशींना तग धरायला आणि नव्या जोडण्या करायला मदत करतं. याचा भक्कम पुरावा मुख्यतः प्राण्यांमधला आहे हे खरं. पण चालण्याने रक्तदाब, साखर आणि मन ताब्यात राहतं, त्यासाठी उंदरांची साक्ष काढायची गरज नाही. मनाचं तर विशेष. लकव्यानंतर साधारण तिघांमागे एकाला नैराश्य येतं. मामा टीव्हीवरची मालिका बघताना मुसमुसून रडत, तेव्हा मामीला वाटायचं की अखेर यांना मालिकेतलं काही कळायला लागलं.

नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर चालण्याचा प्रश्नच नव्हता. मामा पहाटे साडेपाचला पोर्चमध्ये आणि नंतर खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालत, चार पायांची काठी ठकठक टेकत. डावं पाऊल घासायचं, म्हणून मॅडमनी पायाला पट्टा दिला. कूलरच्या वाऱ्यातून गेलं की वेग मंदावायचा, म्हणून मॅडमनी कूलरचं तोंड शेवटच्या टोकाला फिरवलं. तिथे पोचल्याशिवाय हवा नाही. बाई पुढे मोठ्या होणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

पण खरी लढाई झाली ती ताटावर.

एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की दुबळ्या हाताला एकदा "नाही जमत" अशी सवय लागली की पुढे थोडं बळ आलं तरी तो वापरला जात नाही, कारण चांगला हात सगळं परस्पर उरकून टाकतो. उपाय साधा आणि छळवादी: चांगला हातच बांधून ठेवायचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २२२ रुग्ण होते, लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला, जागेपणीच्या ९० टक्के वेळ, आणि दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बराच सुधारला आणि वर्षानंतरही तो फरक टिकला. अर्थात मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येत असतील तरच हे करायचं असतं. मामांची यायला लागली होती.

तर मॅडमनी मामांचा उजवा हात मोज्यात घातला आणि म्हणाल्या, "आता जेवण डाव्या हातानं."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मामीने आयुष्यात तीन गोष्टी कधी चालवून घेतल्या नव्हत्या: दिवेलागणीला झोपणं, उंबऱ्यात बसणं आणि डाव्या हाताने अन्नाला शिवणं. माझ्या मामेभावाला लहानपणी डावखुरेपणाबद्दल तिने फोडून काढलं होतं. तो आता पुण्यात आहे आणि दोन्ही हातांनी वाईट लिहितो. "अहो, अन्न आहे ते!" मामी मॅडमना म्हणाली. "डाव्या हातानं कोणी जेवते का?" मॅडम म्हणाल्या, "काकू, मेंदूला सोवळं-ओवळं नाही कळत. त्याला भूक कळते." मामा गप्प. त्यांच्या पुढ्यात वरण-भात होता, पोटात कावळे होते, आणि दोन बायकांमध्ये पडायचं नसतं एवढं त्यांना निवृत्तीआधीच कळलं होतं.

तोड मामांनीच काढली. ९० टक्के वेळ मोजा म्हणजे १० टक्के वेळ मोकळा. पूजा, प्रसाद, चित्राहुती या दहा टक्क्यांत बसवता येतात. जागेपणीचे पंधरा तास धरले तर दीड तास निघतो, आणि देवाला एवढा वेळ त्यांनी धडधाकट असतानाही कधी दिला नव्हता. मामीला हिशेबातलं फार कळत नाही, पण नवरा पूजेला बसतो आहे एवढं कळलं. तह झाला. काठी घेऊन चालताना आणि गरम चहा हाताळताना मोजा काढायचा, हे कलम मॅडमनी सुरक्षेसाठी जोडलं.

त्यानंतरचे काही दिवस मामांच्या बनियनवर पिवळे डाग पडत होते. चमचा तोंडाच्या पत्त्यावर निघायचा आणि कानाजवळ पोचायचा. सकाळी पोहे असत, तर्रीशिवाय. रक्तदाबाच्या गोळ्या मामांनी वर्षभरापूर्वी "आता बरं वाटते" म्हणून स्वतःच बंद केल्या होत्या, आणि गुठळीला तेवढं पुरलं होतं. आता गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं आणि तर्री गेली. हात गेला याच्यापेक्षा तर्री गेल्याचं दुःख त्यांना जास्त होतं. हाताची निदान परत यायची शक्यता होती.

हिवाळ्यात एक अस्सल नागपुरी उपकरण हाती लागलं. आंबिया बहराची संत्री बाजारात आली. रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणून आपल्या बागेत लावलेलं हे झाड, असं इथे सांगतात. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याचा खरा गुण म्हणजे साल सैल असते. मोसंबीला नख लावताना दुबळा अंगठा हार मानतो. नागपुरी संत्र्याच्या देठाशी मात्र जरा टोचलं की साल सुटायला लागते. उजव्या हाताने फळ धरायचं, डाव्या अंगठ्याने आणि तर्जनीने साल ओढायची, मग फोड वेगळी करायची, मग तिच्यावरचे पांढरे दोरे, मग बी. चिमट्याची हालचाल, ओढण्याची हालचाल, दोन्ही हातांचा मेळ, आणि शेवटी बक्षीस तोंडात. चेंडू दाबण्यात हे सुख नाही. रबराचा तो पिवळा हसरा चेंडू मामांनी केव्हाच नातवाला देऊन टाकला होता. "हा माझ्याकडं पाहून हासते," ही तक्रार.

याच सुमारास अमरावतीचा एक भाचा प्रकटला. तो मोबाईलवर सगळं पाहून आला होता. त्याने पेद्रो बाख-इ-रिता यांची गोष्ट सांगितली, आणि ती खरी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या या वयस्क प्राध्यापकांना जबर लकवा झाला. डॉक्टरांनी आशा सोडली. वैद्यक शिकणाऱ्या मुलाने, जॉर्जने, त्यांना मेक्सिकोच्या घरी नेऊन आधी रांगायला शिकवलं, अंगणात, भिंतीला टेकून. शेजाऱ्यांनी बोटं मोडली, म्हाताऱ्या बापाला जनावरासारखं रांगवतो म्हणून. प्राध्यापक रांगले, उभे राहिले, पुन्हा शिकवायला लागले, आणि पुढे कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूतली इजा तेवढीच मोठी होती, ती भरून आलेलीच नव्हती. उरलेल्या मेंदूने काम उचललं होतं. हे पाहूनच त्यांचा दुसरा मुलगा पॉल या विषयाकडे वळला. भाच्याचा निष्कर्ष असा, की मामांना पहिल्याच दिवशी हॉस्पिटलात उभं करायला हवं होतं.

मॅडमनी त्याला शांतपणे गार केलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २१०४ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच आणि वारंवार उठवून हालवलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या गतीने घेतलेल्यांपैकी ५० टक्के. म्हणजे घाईने थोडं नुकसानच झालं. आणि २०२१ मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या काळात देऊन पाहिला, तेव्हा हाताला सर्वांत जास्त लाभ झाला तो लकव्यानंतर दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान दिलेल्या सरावाचा. नेमका हाच काळ पाहुण्यांचा असतो.

एक गोष्ट मात्र माझ्या गळी सहज उतरली नाही. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवायचं आणि त्याने तो करून घ्यायचा. आपल्याकडची मायेची माणसं बघता हे हमखास यशस्वी व्हायला हवं होतं. सहा महिन्यांनी, घरी असा व्यायाम मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. फरक शून्य. मामीला हे मी सांगितलं नाही. मला आपलं वाटतं ते असं, की माया आपल्याकडे अमाप आहे, पण ती मोजून देत नाही आणि अवघड करून तर मुळीच देत नाही. चमचा कानाकडे निघाला की मायेचा हात मध्ये येतो. पगारी माणूस तो येऊ देत नाही.

आणि पगारी माणूस नागपुरात तरी मिळतो. मेडिकल कॉलेज आहे, धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने आहेत, हिंगणा रोडला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. दीडशेहून जास्त किलोमीटरवर गडचिरोली आहे. तिथे 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, की तिथे मृत्यूचं पहिलं कारण लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. जे वाचतात त्यांच्या दारी स्कूटी येत नाही. काही जण गाडी करून राजस्थानात बुटाटी धामला जातात. तिथे लकवाग्रस्तांना सात दिवस मंदिराच्या परिक्रमा करायला लावतात. मी त्यांना हसत नाही. निदान चालवतात तरी. कबुतराचं रक्त चोळणाऱ्यांबद्दल मात्र मला एवढा आदर ठेवता येत नाही.

मामांचं म्हणाल तर ते आता काठीने दूध आणतात, शर्टाच्या गुंड्या लावतात; वरची गुंडी अजून मामी लावते, आणि तीही त्यांना जमत असावी असा मला संशय आहे. डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांचं ऐकत नाही. वहीत तूट रोज निघते.

तेव्हा कोणाचा चेहरा वाकडा दिसला, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. आडवं करून पाय चोळत बसू नका. नंतर भेटायला जाल तेव्हा दुबळ्या हाताला धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा निखळतो. "पडून राहा" म्हणू नका. लवकर निघा, त्यांचा व्यायाम राहिलेला असतो. संत्री जरूर न्या, गिळायला त्रास नाही ना एवढं आधी विचारून. पण कृपा करून सोलून देऊ नका.